मऊ मरण

क्लेमेंटिना बुडाली त्या दिवशी ओहोटी सकाळी साडेनऊची होती. ती आणि सुगंधा, दोघी टोपल्या घेऊन खाडीच्या मधल्या पुळणीवर वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायला उतरल्या होत्या. वीस वर्षं त्या तिथेच उतरत होत्या. चिखल कुठे संपतो, वाळू कुठे लागते, कुठल्या बोटभर पाण्याखाली तिसऱ्यांची दाटी असते, हे दोघींच्या तळपायांना ठाऊक होतं. पण गेल्या दोन वर्षांत खाडीत वाळूचे पंप आले होते, आणि तळ पहिल्यासारखा राहिला नव्हता.

साडेदहाच्या सुमाराला पाणी चढू लागलं तशा दोघी परत फिरल्या. सुगंधा चार पावलं पुढे होती. कमरेएवढ्या पाण्यात तिच्या पायाखालची वाळू सरकली. तिने दुसरा पाय टाकला तर तिथे टेकायला काहीच नव्हतं. तिला पोहता येत नव्हतं. क्लेमेंटिनाला थोडंफार यायचं, लहानपणी भावांच्या मागे लागून शिकलेलं. ती टोपली टाकून पुढे झाली.

दाजी तरवाला आपली होडी घेऊन पलीकडच्या काठाला होता. त्याने लांबून पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, बाया पाण्यात खेळतायत. ना हाक, ना ओरडा. नुसती दोन डोकी वरखाली. मग त्याच्या ध्यानात आलं की पन्नाशीला टेकलेल्या बाया खाडीत खेळत नाहीत. तो वल्हवत येईस्तोवर एकच डोकं उरलं होतं. त्याने सुगंधाला केसांना धरून होडीत ओढलं. क्लेमेंटिना दुपारी सापडली, खालच्या अंगाला, कांदळाच्या मुळांत अडकलेली.

सुगंधा सरकारी दवाखान्यात तीन दिवस होती. छातीत पाणी गेलं होतं. क्लेमेंटिनाच्या मातीला तिला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला. तरुण होता, घाटावरचा. तिला पोहता येत नाही तर ती पाण्यात उतरतेच कशाला, असं त्याने विचारलं.

"साहेब, आम्ही पोहायला जात नाही," सुगंधा म्हणाली. "तिसऱ्या काढायला जातो."

त्याने ते लिहिलं नाही. त्या बाई कशा बुडाल्या, ते सांगा म्हणाला.

"मी खड्ड्यात गेले. त्या मला धरायला आल्या."

एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. पोलिसाने तेवढंच लिहून तिचा अंगठा घेतला. सही येते, हे सांगायचंही तिला सुचलं नाही.

ते एक वाक्य तिच्या आधी वाडीत पोहोचलं. ती घरी आली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं: क्लेमेंटिनाने आपला जीव दिला आणि सुगंधाला वाचवलं. बघायला येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची, आणि म्हणताना सुगंधाच्या अंगावरून नजर फिरवायची, एवढा मोलाचा जीव कसा दिसतो ते पाहिल्यासारखी. सुगंधा खोटं बोलली नव्हती. पण जबाब पुराही झाला नव्हता.

घरात ती आणि नवरा महादू, दोघंच. मुलगी अपेक्षा लग्न होऊन कणकवलीला होती. ती चार दिवस येऊन राहिली, आईला पेज भरवली, मोसंब्याचा रस काढून दिला आणि गेली. तिच्या मागे घर गप्प झालं. महादू पंधरा वर्षं वाळूच्या होडीवर होता. आधी बुडी मारून बादलीने वाळू काढायचा. श्वास धरून तळाला जायचं, बादली भरायची आणि दोर हलवायचा. त्याचे कान त्यातच गेले होते. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे. पंप आले तसं बुडी मारणाऱ्यांचं काम संपलं, आणि तो होडी खाली करायला राहिला. आता तो तिथेही जात नव्हता. दिवसभर खळ्यात बसून काहीतरी दुरुस्त करायचा. जे मोडलेलं नाही तेही.

सुगंधा पाचव्या दिवसापासून कामाला लागली. कुळीथ पेरून झाला होता, पण मिरचीच्या वाफ्याला शिंपणं होतं, आणि गोठ्याला घालायची झावळ्यांची झापं विणायची होती. वाकली की बरगड्या दुखत. दाजीने धरलेले केस मुळाशी अजून हुळहुळत होते, फणी लावता येत नव्हती. पण ती हे कोणाला बोलली नाही. महादूने एवढंच पाहिलं की ती आंघोळीला बसली की तांब्या डोक्यावर धरते आणि तसाच परत घंगाळात ओतते. मग ओल्या फडक्याने अंग पुसून उठते. दुसऱ्या दिवशी त्याने न्हाणीतलं मोठं घंगाळ उचलून मागे नेऊन ठेवलं आणि तिथे लहान बादली ठेवली.

सातव्या दिवशी ती क्लेमेंटिनाच्या घरी गेली. मध्ये फक्त एक कुंपण आणि चिंचेचं झाड. संध्याकाळची तेर्साची, जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ होती. पडवीत बाप्तिस्तचं शिलाईचं मशीन फडक्याने झाकलेलं होतं, आणि तो त्याच्याच स्टुलावर बसला होता. गुडघ्यांवर हात ठेवून, गिऱ्हाइकाची वाट बघत असल्यासारखा. सुगंधाला पाहून तो उठला.

"येवा वयनी," म्हणाला, आणि खुर्ची पुढे केली.

ती खुर्ची बघून सुगंधा पायरीवरच थांबली. तिला वाटलं होतं तो तोंड फिरवील. ती त्यासाठी मनाची तयारी करून आली होती.

आत वाडीतल्या बायका बसल्या होत्या, हिंदू, किरिस्ताव सगळ्याच. मधोमध फेबी. क्लेमेंटिनाची एकुलती मुलगी. म्हापशाला एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. बावीस वर्षांची. आईसारखंच रुंद कपाळ, पण चेहरा कोणी धुऊन काढल्यासारखा कोरा. प्रार्थना झाल्यावर बायका एकेक करून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. देवाला चांगली माणसं आवडतात, असं एक म्हणाली. तिने दुसऱ्यासाठी जीव दिला, ती सरळ स्वर्गात गेली, असं दुसरी म्हणाली. मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने फेबीचा हात हातात घेतला. तिचा भाऊ कधीकाळी समुद्रात बुडून गेला होता, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं.

"पाण्यातला मराण मऊ असता, बाय," ती म्हणाली. "एक घोट जाता, आणि झोप लागता. तिका काय कळाकच नाय."

फेबीने हात काढून घेतला नाही. ती वळून सुगंधाकडे बघायला लागली.

"मावशी, खरा?"

खोलीतल्या सगळ्या बायका सुगंधाकडे बघत होत्या. म्हातारी मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण अशी.

"होय गो बाय," सुगंधा म्हणाली. "झोपच."

फेबी आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मान खाली घातली. बायकांना बरं वाटलं. फेबीला वाटलं नाही, हे सुगंधाला दिसलं.

रविवारी किरिस्तावांच्या देवळात मिसाला बाप्तिस्तने तिला मुद्दाम बोलावलं. ती मागच्या बाकावर बसत होती, पण दोघातिघांनी उठून तिला पुढे नेऊन बसवलं. फादरांनी मैत्रीवर प्रवचन दिलं. आपल्या सखीसाठी आपला प्राण वेचणाऱ्या बहिणीचा दाखला दिला. तेव्हा सगळं देऊळ मान उंचावून सुगंधाकडे बघत होतं. ती पदर घट्ट धरून बसली. तिला वाटलं, आत्ता उठून बाहेर जावं. पण पुढच्या बाकावरून उठून जाणं सोपं नसतं.

त्या दुपारी महादू जेवायला बसला आणि जेवेना. भात कालवून तसाच ताटावर बसून राहिला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "थंय खड्डो होतो. माका ठावक होता."

सुगंधाच्या हातात कढीचा डाव होता.

हळूहळू तो बोलला. वाळू काढायचा परवाना खालच्या अंगाचा होता. पण त्या आठवड्यात पंपाची होडी चार वेळा मधल्या पुळणीजवळ लावली होती. होडीच्या मालकाने, शेठने, सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. महादूने स्वतः ती वाळू उतरवली होती. घरी येऊन बायकोला एवढंच सांगायचं होतं की त्या अंगाला जाऊ नका. पण सांगितलं तर ती क्लेमेंटिनाला सांगणार, क्लेमेंटिना आणखी चौघींना, आणि मग कोणी बोललं हे शेठला कळायला कितीसा वेळ. त्याला वाटलं, भरतीला खड्डा आपोआप भरून येईल. तसे येतात कधीकधी.

सुगंधाने त्याच्या भातावर कढी वाढली. तिच्या मनात आलं, हा डाव ह्याच्या डोक्यात घालावा. पण तिला आपले हात दिसत होते, आणि त्या हातांनी काय केलं ते त्याला ठाऊक नव्हतं. वाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. ती काही बोलत नाही, हेच महादूला जास्त लागलं. तो उपाशीच उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने परड्यातले बांबू तोडले. चौदा निघाले. प्रत्येकाचं टोक तासलं, वरच्या टोकाला लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, आणि दाजीची होडी मागून ओहोटीला खाडीत गेला. सुगंधा काठावर उभी होती. खड्डा नेमका कुठून सुरू होतो हे तिलाच ठाऊक होतं, पण पाण्याजवळ जायला तिचे पाय तयार नव्हते. ती लांबूनच हात करून दाखवत होती, अजून डावीकडे, अजून. महादू एकटाच एका हाताने होडी आणि एका हाताने बांबू धरायला बघत होता. होडी फिरत होती.

तेवढ्यात बाप्तिस्त आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चपला काठावर नीट जोडीने काढून ठेवल्या. मग पाण्यातून चालत जाऊन होडी धरून उभा राहिला. दोघं पुरुष दोन तास काम करत होते. महादू बुडी मारायचा, तळाला बांबू रोवायचा, वर यायचा. बाप्तिस्त पुढचा बांबू देई. शेठचा माणूस मोटरसायकलवरून काठावर आला आणि हे काढा म्हणून ओरडायला लागला. महादूचा ऐकू येणारा कान नेमका त्याच्याच बाजूला होता. त्याने वर बघितलं.

"तू उतर," म्हणाला, "आणि काड."

माणूस थोडा वेळ थांबला आणि गेला. होडीचं काम महादूला परत कधी मिळालं नाही.

पुढल्या आठवड्यात एक दिवस दुपारी सुगंधा वालाची भाजी घेऊन कुंपण ओलांडून गेली. बाप्तिस्त मसुऱ्याच्या बाजाराला गेला होता. पडवी रिकामी होती. हाक मारली, ओ आली नाही. ती वळसा घालून मागल्या दारी गेली.

विहिरीजवळ झावळ्या भिजत घालायची सिमेंटची टाकी होती. फेबी टाकीच्या कठड्यावर वाकून उभी होती. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. तोंड कानापर्यंत पाण्यात. बाजूला कठड्यावर मोबाइल उभा केलेला होता आणि त्याच्यावर आकडे पळत होते.

भाजीचं भांडं सुगंधाच्या हातून पडलं. तिने पोरीला मागून कव घातली आणि ओढली. दोघी भिजलेल्या झावळ्यांवर पडल्या. फेबी खोकत होती. नाकातून पाणी येत होतं. पण ती रडत नव्हती. हात लांब करून तिने मोबाइल घेतला आणि आकडा बघितला.

"एक मिनिट आणि चार सेकंद," ती म्हणाली. "मावशी, मी काय जीव देवक नव्हतंय. माका बघूचा होता. मगे झोप लागता काय ता." तिने ओल्या बाहीने नाक पुसलं. "लागणा नाय. तुमी खोटा सांगलात."

सुगंधा तशीच बसून राहिली. लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिला पाण्याची भीती वाटत नव्हती.

"मम्मीक त्रास झालो?" फेबीने विचारलं.

"होय," सुगंधा म्हणाली. "झालो."

मग तिने सांगितलं. आधी काही वाटतच नाही. वाटतं, पाय टेकेल आत्ता. एकदा टेकला की झालं. मग तोंडात पाणी येतं आणि कळतं की टेकणार नाही. ओरडायचं असतं, पण ओरडायला श्वास लागतो, आणि जो मिळतो तो आत घ्यायलाच पुरत नाही. म्हणून दाजीला काही ऐकू आलं नाही. हात वर करावे, कोणाला दाखवावे, हे सुचत नाही. हात पाणी खाली खाली दाबत राहतात. माडावर चढावं तसे, पण माडच नाही. नाकातून पाणी जातं ते मिरचीच्या धुरासारखं झोंबतं. कानात आपलंच काळीज ऐकू येतं, कोणीतरी पोहे कांडतंय तसं.

फेबी ऐकत होती. मध्ये तिने एकदाच विचारलं, मम्मी काही बोलली का?

बोलली होती. ती पोहत जवळ आली तेव्हा बोलली होती. तेच सांगायला सुगंधाला सगळ्यात जड गेलं.

"म्हणाली, 'माका धर, सुगंधा. पण गळ्याक धरू नको.'"

"मगे?"

"मी गळ्याकच धरलंय."

विहिरीच्या रहाटावर कावळा येऊन बसला आणि उडाला. सुगंधा थांबली नाही. थांबली असती तर पुढचं कधीच बोलली नसती.

"माझ्या पायाक कायतरी घट्ट लागला. मी त्येच्यार पाय दिलंय आणि माझा तोंड वर इला. ता काय होता माका ठावक नव्हता, असा मी सांगू शकतंय. पण ठावक होता, बाय. तिचो झगो माझ्या मुठीत होतो. मी तिच्या खांद्यार उभी होतंय. परत खाली गेलंय, परत पाय दिलंय. किती वेळा ता मोजूक नाय."

"लोक म्हणतत, तिणा तुमका वर ढकलल्यान."

"खालसून हात लागत होते. कमरेक. ती माका वर ढकली होती, की सुटूक बघी होती, माका कळाक नाय. आजून कळणा नाय. मी कोणाक सांगूक नाय तिणा ढकलल्यान म्हणान. लोकांनी ठरवल्यानी."

फेबीने गुडघे छातीशी घेतले होते. पाणी तिच्या केसांतून मानेवर गळत होतं.

"आणि शेवटाक?"

"शेवटाक माझे हात थांबले. छातीतली आग थांबली. उजेड पिवळो दिसाक लागलो, आणि माका आठवला की पेजेचा मडक्या चुलीरच ऱ्हवला." सुगंधाने बोटाचं एक पेर दाखवलं. "ता मऊ होता. म्हातारी म्हणता ता. पण इतक्याच. तिकाय तितक्या मिळाला आसात. मिळाक होया."

फेबीच्या चेहऱ्यावरचा कोरेपणा गेला होता. आता तिथे माणसाचा चेहरा होता, दुखणारा. तिने तोंडावर हात घेतले आणि ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. सुगंधाने तिच्या पाठीकडे हात नेला. फेबीने तो झटकला नाही. ती नुसती पुढे सरकली, एवढीच की हात पोहोचू नये.

"आता जावा," ती म्हणाली. "आणि डॅडीक ह्या सांगू नकात."

सुगंधा गेली. सांडलेली भाजी तिने गोळा केली, ती कोंबड्यांना घातली. घरी जाऊन तिने झाप विणायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत विणत राहिली. त्यानंतर ती कुंपणापलीकडे गेली नाही. पण कुंपणापलीकडचं तिला ऐकू यायचं. त्या रात्रीपासून फेबी बापाशी बोलायला लागली होती. चौथ्या दिवशी मशीनचा आवाज आला. बाप्तिस्त शिवायला बसला होता.

क्लेमेंटिनाचं महिन्याचं मीस झालं. दुसऱ्या दिवशी फेबी म्हापशाला परत जायची होती. सकाळी दहाच्या गाडीने. नऊला ती सुगंधाच्या खळ्यात येऊन उभी राहिली. खांद्याला बॅग. सुगंधाने सूप खाली ठेवलं. महादू पडवीत विळ्याला धार लावत होता. तो उठून आत गेला.

फेबी बसली नाही. चहा नको म्हणाली.

"माका एक इचारूचा आसा," ती म्हणाली. "त्या दिवशी मम्मी खाडीक कित्याक गेली? तिचो गुडघो दुखी होतो. डॅडी म्हणतत, त्या आठवड्यात ती कामाक वाकूकय नव्हती." ती थांबली. बॅगेचा पट्टा तिने मुठीत पिळला होता. "आदल्या दिवशी मी फोन केल्लंय. शनवारी एल्रॉयक घेवन येतंय, म्हटलंय. त्येका तिसऱ्यो आवडतत, म्हटलंय. ती त्येच्यासाठी गेली काय?"

खरं असं होतं की त्या सकाळी सुगंधाला जायचंच नव्हतं. तिचं वाफ्यांचं काम पडलं होतं. क्लेमेंटिनाच कुंपणाशी आली होती, टोपली कमरेला लावून, लंगडत. पोरगी पहिल्यांदाच मुलगा दाखवायला आणतेय, असं हळू आवाजात म्हणाली होती, आणि वय विसरून लाजली होती. सुगंधाने तिला बाजारातून घे म्हणून सांगून पाहिलं. बाजारच्या तिसऱ्यांत वाळू असते, पोराच्या दाताखाली यायची, असं ती म्हणाली. वाटभर ती एल्रॉयबद्दलच बोलत होती. अजून पाहिला नव्हता तरी.

हे सगळं सुगंधाने फेबीसाठी जपून ठेवलं होतं. पोरीला कधीतरी सांगू, आई त्या दिवशी किती खुशीत होती. टाकीजवळही ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. आता तिने फेबीच्या मुठीतल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"नाय गो," ती म्हणाली. "तुझ्या फोनाचा ती काय बोलाक नाय. मीच हाक मारलंय तिका. माझ्या अपेक्षाच्या सासरचे येवचे होते, माका तिसऱ्यो होयो होत्यो. ती नको म्हणी होती. गुडघो दुखता म्हणी होती. मीच आग्रह केलंय."

फेबीची मूठ सुटली. श्वास आत गेला आणि बाहेर आला, लांब, महिनाभर अडकलेला. मग तिने सुगंधाकडे बघितलं, आणि त्या नजरेतला राग अडवायला आता काही उरलं नव्हतं.

"म्हणजे तुमीच," ती म्हणाली.

"होय."

"तुमीच नेलात. आणि तुमीच..."

तिने पुढचं उच्चारलं नाही. वळली आणि कुंपणाच्या बेड्यातून रस्त्याला लागली. सुगंधाने ती वळणाआड होईपर्यंत पाहिलं. मग सूप उचललं. कुळथात खडे फार नव्हते, तरी ती पाखडत राहिली.

पुढच्या मे महिन्यात फेबीचं आणि एल्रॉयचं लग्न झालं. वाडीत घरोघर आमंत्रण गेलं, कुंपणापलीकडच्या ह्या घराला सोडून. बाप्तिस्त रस्त्यात भेटला की खाली मान घालून बाजूने जायचा. रागाने नव्हे. बिचारा लेकीच्या शब्दात होता. लग्नादिवशी देवळाकडून बँड ऐकू येत होता. सुगंधा खळ्यात झाप विणत बसली होती, आणि महादू तिच्यासमोर झावळ्या चिरत होता.

"सगळ्यांक सांगल्यानी," तो म्हणाला. "आमकाच नाय. एवढा काय केलंस तू त्यांचा?"

सुगंधा विणत होती.

महादूचा कोयता थांबला. बँडचं गाणं बदललं, लोक ओरडले, फटाके वाजले. महादूने कोयता खाली ठेवला.

"तू फेबीक सांगलंस ता मी आतसून आयकलंय. पण त्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होतंय. तू कुंपणाकडे गेलंस तेव्हा. हाक क्लेमेंटिनान मारलेली. तू नको म्हणी होतंस. मी आयकलंय."

सुगंधाने विणलेल्या झापाची कड मुडपली आणि दाबून बसवली.

"तुमी काय आयकूक नाय," ती म्हणाली.